एका अ‍ॅम्प्लिफायरची वकिली

मोटारीतला अ‍ॅम्प्लिफायर गाण्याच्या मध्येच बंद पडला, की आपल्याकडे त्याला पहिली शिक्षा म्हणजे शिवी, दुसरी म्हणजे चापट आणि तिसरी म्हणजे थेट हकालपट्टी. चौकशी नावाचा प्रकार यात कुठेच बसत नाही. अहो, खुनाच्या आरोपीची ऐपत नसेल तर त्यालासुद्धा सरकारी खर्चाने वकील मिळतो! अ‍ॅम्प्लिफायरला मिळत नाही. म्हणून आज त्याचं वकीलपत्र मी घेतलं आहे. फी काही नाही. अशील ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली पडलेला आहे, अंगावर शेंगांची टरफलं आहेत आणि कोणीतरी हरवलेली डाव्या पायाची चप्पल त्याच्या पाठीवर आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, कारण वकील लोक तो शेवटपर्यंत सांगत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे. मध्येच बंद पडणारा अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. बिघडलेलं दुसरंच काहीतरी असतं, आणि ते सांगायला म्हणून तो बंद होतो. आपण काय करतो? बातमी आणणाऱ्यालाच बदडतो.

मराठीत ‘बंद पडणे’ आणि ‘बंद होणे’ अशी दोन वेगळी क्रियापदं आहेत ती उगाच नाहीत. म्हातारा पंखा बंद पडतो. दुकान आठ वाजता बंद होतं. दुकान बंद झालं म्हणून कोणी ‘दुकान बिघडलं’ असं म्हणत नाही. (पुण्यात दुपारी एक ते चार म्हणत असतील, पण तो वेगळा विषय.) अ‍ॅम्प्लिफायर हा दुसऱ्या जातीचा. त्याच्या पोटात एक राखणदार बसवलेला असतो. डबा फार तापला का, स्पीकरच्या तारा एकमेकींना चिकटून वारेमाप करंट ओढू लागल्या का, येणारा दाब फार खाली गेला का, स्पीकरकडे गाण्याऐवजी निव्वळ डी.सी. चालली आहे का, एवढ्या गोष्टींवर त्याची नजर असते. यातलं काही दिसलं की तो दुकान बंद करतो आणि दारावर लाल दिवा लावतो. त्या दिव्याशेजारी चक्क ‘प्रोटेक्ट’ असं छापलेलं असतं. ‘रक्षण’! आता ज्या वस्तूने स्वतःच्या तोंडाने ‘मी रक्षण करतो आहे’ असं सांगितलं, तिला ‘गेला’ म्हणणाऱ्याला काय म्हणावं?

माझ्या भाच्याच्या गाडीत हे घडलं. पोराने पहिल्या बोनसमधून डबा बसवला, मागे लाकडी पेटीतला वूफर ठेवला आणि गाडी घरी आणून आम्हाला सर्वांना बसवून ऐकवलं. त्याच्या आईने ‘छान आहे हो’ म्हणताना छातीवर हात ठेवला होता, तो कौतुकाने की धडधडीने ते कळलं नाही. आठवड्याभरात तक्रार सुरू. गाणं चालू, ढोलाचा ठेका आला की ठप्प! दोन सेकंदांनी परत चालू, पुन्हा ठेका, पुन्हा ठप्प. गायक मंडळी बिचारी ‘प्रि’ म्हणून थांबायची, ‘ये’ पुढच्या चौकात.

बसवणाऱ्या दुकानात तो परत गेला. तिथल्या तज्ज्ञाने गाडीचं दार उघडण्याचेही कष्ट घेतले नाहीत. खिडकीतून हात घालून डब्याला बोट लावलं, ते आपल्याच पँटला पुसलं आणि निकाल दिला, “अ‍ॅम्प गेला. मोठा टाका.” एका बोटाने निदान! आमच्या लहानपणी वैद्यबुवा निदान तीन बोटं तरी लावत आणि जीभ काढायला सांगत.

भाचा म्हणाला, “अहो, पण आठच दिवस झालेत.”

“मग कपॅसिटर टाका.”

हा कपॅसिटर म्हणजे रुपेरी नळकांडं, वर निळे आकडे चमकतात. गाडीत घातला की विज्ञानात काहीतरी मोठं चाललंय असं वाटतं. दुकानात त्याला ‘एक फॅरडचा’ म्हणतात आणि ते खरंही असतं. फक्त त्याचं गणित कोणी करत नाही. दाब १४ व्होल्टवरून १२ वर येईतो तो मोठ्या कष्टाने २६ ज्यूल देतो. सहाशे वॅट खाणाऱ्या डब्याला ते सेकंदाचा विसावा-पंचविसावा हिस्सा पुरतात. म्हणजे ढोलावर टिपरू पडतं न पडतं तोच हा शिलकी खजिना खलास! पंगतीला दोनशे पानं बसलेली आणि यजमान आतून एक वाटी भात घेऊन धावत येतो, त्यातला प्रकार.

तरी तो घेतला गेला. फरक पडला नाही. मग तिसऱ्या फेरीला त्या तज्ज्ञाने फ्यूज बदलून मोठा घालायची सूचना केली, तेव्हा मात्र भाच्याने मला फोन केला. “मामा, तुमचं ते मीटर आहे का अजून?”

मी टेलिफोन खात्यात उभी हयात काढलेली. आमच्या खात्याबद्दल लोक काय काय बोलत ते मला पाठ आहे, पण एक गोष्ट तिथे हाडात मुरते. तार कुठे तुटली ते शोधल्याखेरीज यंत्र बदलायचं नाही. वीस मैलांच्या लाइनीत दोष असला, तर लाइन मध्ये तोडून बघायचं, दोष या बाजूला की त्या बाजूला. मग उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. यंत्राला हात सगळ्यात शेवटी.

आम्ही दोघं गाडी घेऊन त्याच दुकानात गेलो. इंजिन चालू ठेवून मीटर डब्याच्या टोकांना लावलं. आकडा १३.९. तज्ज्ञ खूश झाला. “बघा काका, करंट बरोब्बर येतोय. म्हणजे अ‍ॅम्पच गेलाय.”

इथे जरा थांबतो, कारण या वाक्यावर महाराष्ट्रात किती धडधाकट अ‍ॅम्प्लिफायर भंगारात गेले असतील कोण जाणे. पहिली गोष्ट, मीटर दाखवत होतं तो करंट नव्हे, दाब. दुसरी गोष्ट, गाणं बंद असताना मोजलेला दाब म्हणजे निजलेल्या माणसाची मोजलेली ताकद. लाथ मारणारी म्हैस दावणीला रवंथ करत असताना गरीबच दिसते! मोजायचं ते दुखणं चालू असताना मोजायचं.

मी म्हटलं, “लाव रे तुझं ते गाणं. ठेका लांबलचक असेल असं बघ.”

गाणं लागलं, दुकानाच्या काचा हलल्या, मीटरचा आकडा घसरत १०.१ वर आला आणि लाल दिवा लागला. त्याच क्षणी बॅटरीच्या टोकांवर दुसऱ्या मीटरने दाब होता १३.६. आता हिशेब करा. देवगडहून साडेतेरा आंबे निघाले आणि पुण्यात दहाच पोहोचले, तर पुण्यातल्या खाणाऱ्याला दोष द्यायचा की वाटेतल्या मंडळींना?

वाटेत दोन चोर होते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरं डब्याच्या अर्थला लावून तेच गाणं पुन्हा लावलं, तर तिथे २.४ व्होल्ट! तिथे खरं तर शून्याच्या जवळपास काहीतरी दिसायला हवं. उरलेला १.१ व्होल्ट धन बाजूच्या लांब तारेत मुरला होता. २.४ आणि १.१, झाले साडेतीन. जमाखर्च पैशापर्यंत जुळला. आमच्या सोसायटीचा तेवढा कधी जुळलेला नाही.

सीटखालचं कार्पेट उचललं. अर्थची तार पत्र्यात एका बारक्या स्क्रूने ठोकलेली, आणि स्क्रूखाली कारखान्याने दिलेला रंग जसाच्या तसा, नव्या नवरीच्या मेंदीसारखा. रंगातून वीज जात नाही हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. सगळा करंट त्या स्क्रूच्या दोन-तीन आट्यांमधून अंग चोरून चालला होता. धन बाजूची तार वरून जाडजूड, लालभडक, पण कापून पाहिली तर आत बरंचसं प्लॅस्टिक, आणि धातू म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. तेवढ्याच जाडीच्या खऱ्या तांब्याच्या मानाने हे साठ-पासष्ट टक्केच वीज वाहून नेतं. वर जाडी आणि आत पोकळी असली की बाजारात वजन पडतं, हा नियम फक्त तारांनाच लागू आहे असं मी म्हणणार नाही.

यात काही गूढ नाही. चाळीस अँपिअर करंट आणि वाटेत ०.०६ ओहमचा अडथळा, की २.४ व्होल्ट गेलेच. ०.०६ म्हणजे काही नाही, असं तुम्हाला वाटेल. घरातल्या रात्रीच्या दिव्याला ते काहीच नाही. पण मोटारीचा सगळा कारभार बारा व्होल्टांचा. दाब कमी म्हणून करंट जास्त, आणि करंट जास्त की एवढासा अडथळाही टोलनाका होऊन बसतो. गेऑर्ग ओहमने हे १८२७ साली पुस्तक लिहून सांगितलं. तेव्हा त्याच्या देशातल्या पंडितांनी त्याचं इतकं थंड स्वागत केलं, की बिचाऱ्याने कोलोनची शिक्षकाची नोकरी सोडली. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं. म्हणजे विलायतेला पटायला चौदा वर्षं लागली. आमच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांना अजून पटायचं आहे. त्यांनी घाई करू नये.

मी पॉलिश पेपर मागितला. दुकानात पंचवीस हजारांचे स्पीकर होते, पॉलिश पेपर नव्हता! शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडून आणला. रंग खरवडून पत्रा चांदीसारखा लखलखीत केला, तारेच्या टोकाला नीट दाबून बसवलेलं थिंबल, खाली वॉशर, नट-बोल्ट करकचून, वर गंजू नये म्हणून ग्रीसचा हात. (काही कलाकार सीट-बेल्टच्या बोल्टलाच अर्थ देतात. तो बोल्ट माणसाला बांधण्यासाठी आहे, त्याला हात लावू नये.) धन बाजूला खऱ्या तांब्याची तार. पुन्हा तेच गाणं. आकडा १२.९ च्या खाली आला नाही आणि ‘प्रिये’ एका दमात बाहेर पडली.

आता विरुद्ध पक्षाची बाजू. तो तज्ज्ञ मला मागाहून म्हणाला, “काका, तुमचं बरोबर आहे. पण हे दोन तास मला कोण देणार?” आणि खरं सांगतो, तिथे त्याने मला गप्प केलं. आपण गिऱ्हाईक लोक डब्याचे आठ हजार हसत मोजतो. दोष शोधायचे दोनशे मागितले, तर ‘नुसतं बघायचे पैसे?’ म्हणून अंगावर धावून जातो. डॉक्टरला बघायचे पैसे देतो, ज्योतिषाला न बघितल्याचेही देतो, पण मेकॅनिकने बघणं हे मात्र फुकट पाहिजे. शोधणं फुकट आणि बदलणं विकत, असा बाजार एकदा मांडला की शहाणा दुकानदार काय करील? तो बोट लावील आणि बदलील. तेव्हा या खटल्यात आरोपी नंबर एक दुकानदार असला, तरी आरोपी नंबर दोनच्या पिंजऱ्यात गिऱ्हाइकाने स्वतःहून जाऊन उभं राहावं, जागा भरपूर आहे.

शोधणं तसं अवघड नाही. वैद्य विचारतो तोच प्रश्न विचारायचा, ‘केव्हा दुखतं?’ ठेक्याला ठप्प होत असेल तर दाबाकडे बघा, म्हणजे अर्थ, तार, बॅटरी. वीस-पंचवीस मिनिटं झकास वाजून मग बंद, आणि गार झाला की पुन्हा सुरू, तर तापतोय. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीतल्या सीटखाली, वरून कार्पेटची दुलई घालून त्याला कोंबला, तर तो बंद न होऊन कोणाला सांगेल? खड्ड्यात गाडी आदळली की बंद, तर कुठेतरी तार ढिली आहे किंवा दाराच्या बिजागरीत सोलून बॉडीला टेकते आहे. लाल दिवाही नाही, हिरवाही नाही, सगळंच मेलेलं, तर डेककडून येणारी ती बारीक निळी तार बघा, जिला रिमोट म्हणतात. तिच्यावर बारा व्होल्ट नसतील तर अ‍ॅम्पला उठायचा हुकूमच मिळालेला नाही. झोपलेल्याला मेलेला म्हणू नका.

आणि चालू केल्या-केल्या लाल दिवा लागत असेल, तर आमच्या टेलिफोनवाल्यांची रीत, अर्धं तोडा. स्पीकरच्या तारा काढून ठेवा. दिवा हिरवा झाला तर दोष पुढे, स्पीकरांत नाहीतर त्यांच्या तारांत. चार ओहमच्या स्पीकरला मीटर तीनाच्या वर काहीतरी दाखवतं. तिथे शून्य दिसलं तर चोर सापडला. दीडेक दिसलं तर कोणीतरी दोन स्पीकर शेजारी-शेजारी जोडून चाराचे दोन ओहम केले आहेत आणि एका बैलाला दोन नांगर लावले आहेत. तारा काढूनही लाल, डेककडून येणाऱ्या पिनाही काढल्या तरी लाल, उरल्या फक्त धन, अर्थ आणि रिमोट, आणि तिथे दाब चोख असूनही लालच? मग मात्र आतले ट्रान्झिस्टर गेले. अशा वेळी मी वकीलपत्र परत करीन आणि अशिलासाठी दयेचा अर्ज लिहीन. पण त्या पायरीपर्यंत जा तरी! आपण जिना न चढताच गच्चीवरून ओरडतो.

त्या तिसऱ्या सल्ल्याबद्दल, मोठ्या फ्यूजबद्दल, मात्र मला विनोद सुचत नाही. फ्यूज हा अ‍ॅम्पसाठी नसतो, तारेसाठी असतो. तीसचा फ्यूज उडतो म्हणून साठचा घालणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवणं, म्हणजे आता जळायची पाळी तारेची. आणि ती तार कार्पेटखालून, कधी पेट्रोलच्या टाकीजवळून, तुमच्या पोरांच्या सीटखालून गेलेली असते. बॅटरी नुसते अँपिअर मोजत बसत नाही, शेकड्यांनी देते. इंजिन सुरू करताना तेच तर तिचं काम. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत पाहिजे आणि तारेला झेपेल तेवढाच पाहिजे. ज्याने माझ्या भाच्याला हा सल्ला हसत-हसत दिला, त्याला मी त्याच्या दुकानात सर्वांदेखत जे बोललो ते इथे छापता येणार नाही.

फ्यूजचा आणखी एक उपयोग आहे. तो खोटं बोलत नाही. खोक्यावर अंगठ्याएवढ्या अक्षरांत ‘३००० वॅट’ छापलेलं असतं आणि डब्याच्या पाठीला ३० अँपिअरचा फ्यूज. तीस गुणिले चौदा, सव्वाचारशेच्या आत. डब्याच्या तोंडातच सव्वाचारशे वॅट जातात, त्यातले जुन्या जातीच्या डब्यात निम्म्याच्या आसपास तापण्यात जातात, मग बाहेर तीन हजार येतात कुठून? दूध एक लिटर आणि बासुंदी सात लिटर! अमेरिकेत २००३ साली यावर एक मानक निघालं, की वॅट मोजायचे ते १४.४ व्होल्टला, चार ओहमवर, एक टक्क्याहून जास्त विकृती न येऊ देता. पाळणं ऐच्छिक. ऐच्छिक म्हटल्यावर काय होतं ते आपल्याला हेल्मेटवरून माहीत आहे.

या वॅटांच्या लोभाने लोक ‘गेन’ नावाचं बटण शेवटपर्यंत पिळतात. ते आवाजाचं बटण नव्हे. डेकची कुजबूज किती आहे त्याच्याशी अ‍ॅम्पचा कान जुळवायचं बटण. ते पूर्ण पिळलं की गाण्याचे शेंडे छाटले जातात, आवाज फाटतो, डबा तापतो, स्पीकरची कॉइल भाजते आणि शेवटी राखणदार कंटाळून शटर ओढतो. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५. माझ्या माहितीत हे नियम मनापासून पाळणारा एकच आहे, तो म्हणजे तापलेला अ‍ॅम्प्लिफायर.

आमचं काम चाललं होतं तेव्हा दुकानाच्या मागच्या फळीवर दहा-बारा अ‍ॅम्प्लिफायर रांगेत ठेवलेले दिसले. “हे काय?” म्हटलं.

“एक्सचेंजमधले. गेलेले आहेत सगळे. नवीन घेताना जुन्याचे पाचशे-हजार वजा करतो.”

टेबलावर चाचणीची बॅटरी होतीच. मी पहिला डबा उचलला, धन, ऋण जोडलं, रिमोटला आकडा लावला. हिरवा दिवा. दुसरा, हिरवा. तिसरा लाल, तो खरोखरच गेलेला. चौथा हिरवा. पाचव्याला हात घातला तेव्हा दुकानाचे मालक गल्ल्यावरून लगबगीने उठून आले आणि म्हणाले, “काका, चहा सांगू का?”

चहा झाला, पाचव्याचा विषय राहिला. परवा भाचा तिकडून आला. त्या फळीला आता काच बसवली आहे म्हणे, आणि वर पाटी: ‘सेकंडहँड. चालू कंडिशन. चेक करून घेणे.’